सोसायटीत विजेची बैठक कशी घ्यावी

सोसायटीच्या ग्रुपवर ‘वीज वाचवा’ असा मेसेज टाकला की चार जण हात जोडलेलं चित्र पाठवतात आणि पाण्याचा पंप संध्याकाळी सातलाच सुरू होतो. यात कुणाची बेफिकिरी नसते. आपल्या घरातली कुठली वस्तू किती वाजता किती वीज खाते, हे त्यांच्याजवळ बसून कुणी कधी दाखवलेलं नसतं. माझी नोकरी आधी वीज मंडळात आणि २००५ मध्ये मंडळाचं विभाजन झाल्यावर महावितरणमध्ये गेली, सगळी सातारा जिल्ह्यात. निवृत्त झाल्यापासून आमच्या आणि शेजारच्या सोसायट्यांत मी विजेच्या बैठका घेते. कुणालाही घेता येतील अशाच आहेत, म्हणून पद्धत सविस्तर लिहिते.

बैठकीत दोन गोष्टी साधायच्या असतात आणि त्या वेगवेगळ्या ठेवायच्या. एक, तेच काम कमी विजेत करणं. दुसरी, जे काम पुढेमागे करता येतं ते दुपारी करणं. पहिल्या गोष्टीत प्रत्येक घराचा फायदा लगेच दिसतो. दुसरीत एकट्यादुकट्याचा फायदा थोडा, पण सगळ्यांनी मिळून केलं तर फार मोठा. दोन्हींची सरमिसळ केली की लोक गोंधळतात आणि ‘बरं, बघू’ म्हणून उठतात.

दुपारच का, हे आधी स्वतःला पटवा

राज्यात आता दिवसा सौर वीज भरपूर येते. ऊन कलायला लागलं की ती तासा-दोन तासांत ओसरते आणि नेमक्या त्याच सुमाराला घराघरांत दिवे, मिक्सर, टीव्ही, एसी आणि पाण्याच्या मोटारी सुरू होतात. कोळशावरचा संच दुपारी पूर्ण बंद करून संध्याकाळी पुन्हा पेटवता येत नाही, तो दिवसभर मंद का होईना चालवावाच लागतो. संध्याकाळची चढण पेलायला मग जलविद्युत लागते. आमच्या पाटण तालुक्यातल्या कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट आहे आणि तिथले संच काही मिनिटांत भार घेतात. पण वीज करून पश्चिमेला सोडायचं पाणी कृष्णा पाणी वाटपाच्या लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी ठरवून दिलंय. म्हणजे संध्याकाळी सात वाजता आपण चालवलेली मोटार हे मोजकं पाणी खर्च करते, आणि तीच मोटार दुपारी एकला उन्हावर चालते. सातारकरांना हे सांगितलं की लगेच कळतं, कारण धरण किती भरलं हे इथे पावसाळ्यात रोज विचारलं जातं.

‘आमच्या एका पंपाने काय होणार?’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. त्याला माझ्याकडे एक ठाम उत्तर आहे. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं देशभर लोकांनी घरातले दिवे बंद केले होते, आठवत असेल. तेवढ्या वेळात देशाची विजेची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली. नुसते दिवे! पंखे, फ्रिज चालूच होते. ग्रिड, म्हणजे देशभरचं वीजवाहिन्यांचं जाळं, पडू नये म्हणून त्या रात्री सगळीकडच्या जलविद्युत केंद्रांनी भार झपाट्याने कमी करून परत वाढवला. घरगुती ग्राहक ठरवून एकदम हलला की देशाचं ग्रिड हलतं, हे त्या दिवशी यंत्रणेतल्या प्रत्येकाने आकड्यांत पाहिलं.

आता पैशाचं. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट टीओडी मीटर (दिवसाच्या कुठल्या वेळी किती वीज वापरली हे मोजणारं मीटर) असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळात वापरलेल्या विजेवर युनिटमागे ८० पैशांची सवलत सुरू झाली. वीज नियामक आयोगाच्या आदेशांनुसार हे दर बदलत राहतात, त्यामुळे बैठकीला जाताना सोसायटीतलंच एखादं ताजं बिल घ्या आणि त्यावरचा आकडा वापरा. आणि रक्कम फुगवून सांगू नका. एखाद्या घराने महिन्याला तीस युनिटं दुपारी वळवली तर ८० पैशांच्या हिशेबाने चोवीस रुपये वाचतात. चोवीसच सांगायचे. तुम्ही दोनशे म्हणालात आणि पुढच्या बिलात चोवीस दिसले, तर तुमच्या पुढच्या बैठकीला कुणी येणार नाही.

बटणावर ज्याचा हात, त्याला आधी बोलवा

बैठकीचं यश इथे ठरतं, म्हणून यावर जरा थांबते.

२००५ च्या सुमाराला राज्यात भारनियमन फार होतं. तेव्हा महावितरणने खेड्यांसाठी अक्षय प्रकाश योजना आणली होती. संध्याकाळच्या कमाल मागणीच्या वेळात गावाने शेतीपंप, गिरणी, हीटर, शेगड्या चालवायच्या नाहीत, तारांवर टाकलेले चोरीचे आकडे काढून टाकायचे, आणि त्याबदल्यात त्या वेळात गावातले दिवे जाणार नाहीत. सक्ती नव्हती, गावाने मिळून ठरवायचं होतं. आमच्या उपविभागातल्या ग्रामसभांना मी जायची. एका सभेत मागच्या रांगेतले एक आजोबा उभे राहिले आणि म्हणाले, “म्याडम, माझा पंप मी बंद ठिवतो, पन वरच्या आळीचा चालू ऱ्हायला तर मला कसं कळंल?”

सगळ्या योजनेचं मर्म त्या एका प्रश्नात होतं. आम्ही मग सबस्टेशनच्या लॉगबुकातले त्या फीडरचे, म्हणजे गावाला वीज नेणाऱ्या लाइनचे, दर तासाचे अँपिअर एका कागदावर लिहून चावडीवर लावायला लागलो. ऑपरेटर ते तासातासाला लिहीतच असतो, वेगळं काही करावं लागलं नाही. सात वाजता आकडा खाली आलेला दिसला की गावाला कळायचं, सगळ्यांनी शब्द पाळला. एखाद्या दिवशी वर गेला तर गावच शोध घ्यायचं, आम्हाला काही बोलावं लागत नसे.

शहरातल्या सोसायटीला मी तेच दोन नियम लावते. ज्याच्या हातात बटण आहे तो बैठकीत हवा, आणि आकडा सगळ्यांना दिसेल असा हवा.

पहिला नियम लोक हमखास विसरतात. सोसायटीचा पंप सेक्रेटरी चालवत नाहीत, वॉचमन चालवतो. त्याला सांगितलेलंच नसेल तर ठराव कागदावरच राहतो. वॉचमनदादांना खुर्ची देऊन बसवा आणि पाणी किती वाजता येतं, टाकी भरायला किती वेळ लागतो, कुठल्या घराची तक्रार येते, हे त्यांना आधी बोलू द्या. त्यांच्याइतकी माहिती कमिटीकडे नसते. घरातही तसंच. वॉशिंग मशीन, घरघंटी, इस्त्री यांची वेळ घरातली बाई ठरवते, किंवा कामाला येणाऱ्या ताई ठरवतात. बैठकीला नुसते पुरुष आले तर वेळ बदलण्याबद्दल बोलूच नका, त्या दिवशी फक्त पंख्यांबद्दल बोला. माझं याबाबतीत स्पष्ट मत आहे: दुपारच्या स्वस्त विजेपायी एखाद्या नोकरी करणाऱ्या बाईची रविवारची दुपार कपडे-इस्त्रीत जाणार असेल, तर ती वीज मला महाग वाटते. ज्या घरात दिवसा कुणी नसतं तिथे मशीनला टायमर आहे का ते पाहा. नसेल तर त्या घराला सोडून द्या.

त्यासाठी बैठकीची वेळही विचार करून ठरवा. रविवारी सकाळी साडेदहा बरी पडते. नाश्ता झालेला असतो, स्वयंपाक व्हायचा असतो. संध्याकाळी सातची बैठक ठेवलीत तर बायका येऊ शकत नाहीत आणि ज्या वेळेबद्दल बोलायचं त्याच वेळी सभागृहाचे सगळे दिवे-पंखे चालू असतात.

मीटरसमोर उभं करा

भाषण पाच मिनिटांत आटपा आणि सगळ्यांना मीटररूमपाशी न्या. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी इंग्रजीत एक आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२०० असतो. तो दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असला तर पुढचा हिशेब त्याप्रमाणे बदला.

आधी एका घराला विचारून ठेवा. त्या घरातलं सगळं दहा मिनिटांसाठी बंद करायचं, फ्रिजसुद्धा. एक जण वर घरात फोनवर, बाकी सगळे खाली मीटरसमोर. आता वरच्याला म्हणा, फक्त हॉलचा जुना पंखा पाचवर लाव. खाली मोबाईलवर सेकंद मोजा. ३२०० च्या मीटरवर ७५ वॉटचा पंखा असेल तर साधारण पंधरा सेकंदांनी एकदा दिवा लुकलुकतो. तो पंखा बंद करून, असल्यास, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा, पंखा लावा. तीस वॉटचा असेल तर साडेसदतीस सेकंद लागतात. वारा तेवढाच. लोक तिथे श्वास रोखून उभे असतात, लहान मुलं मोठ्याने आकडे म्हणतात. मग सांगा, आता गिझर लाव. दोन हजार वॉटचा गिझर लागला की दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा फडफडतो. तो फडफडणारा दिवा पाहिला की गिझरबद्दल मला आणखी काही सांगावं लागत नाही.

हिशेब सोपा आहे. एका मिनिटात किती वेळा लुकलुकलं ते मोजा, त्याला ६० ने गुणा, मीटरवरच्या आकड्याने भागा. तासाला किती युनिटं, ते मिळतं. पंख्याचं चार लुकलुक मिनिटाला, म्हणजे २४० भागिले ३२००, म्हणजे ०.०७५ युनिट. शाळेतल्या मुलांकडून फळ्यावर करून घ्या.

यात कधीकधी दुसरंच काही सापडतं. घरातली सगळी बटणं बंद करूनही दिवा सावकाश लुकलुकत राहिला तर इन्व्हर्टर, सेट-टॉप बॉक्स, राउटर असं काहीतरी चालू असतं. पण घराचा मेन खाली पाडल्यावरही लुकलुकलं, तर त्या मीटरवरून वायर भलतीकडे गेलेली असू शकते, किंवा वायरिंगमध्ये गळती असू शकते. तिथे स्वतः काही उघडू नका. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मीटरसमोरून परत आल्यावर पंख्याचा हिशेब बिलावर करून दाखवा. पंखा दिवसाला पंधरा तास चालला तर पंचेचाळीस वॉटच्या फरकाने महिन्याला वीस युनिटं वाचतात. दोन पंख्यांची चाळीस. आता बिलावरचे टप्पे दाखवा: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यावर. दुसऱ्या टप्प्यातलं युनिट पहिल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट दराचं आहे. महिन्याला २२० युनिटं जाळणाऱ्या घराची ही चाळीस युनिटं सगळी महागड्या टप्प्यातून कमी होतात. म्हणून मी कायम सांगते, आधी पंखे बदला, दुपारचा विचार नंतर. जानेवारी २०२३ पासून सीलिंग पंख्यांना स्टार लेबल बंधनकारक आहे, तेव्हा दुकानात तारे पाहूनच घ्या. ज्या घरात चोवीस तास पंखा चालतो, म्हणजे वयस्क माणूस किंवा बाळंतीण आहे, तिथला पंखा सगळ्यात आधी बदलावा.

एसीचं थोडक्यात: २४ अंशांवर ठेवा, एक अंश वाढवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. जाळी दर पंधरवड्याला धुवा. सोबत पंखा हळू लावा. दिव्यांबद्दल आता सांगायची गरज क्वचितच पडते, एलईडी घरोघर पोचलेत.

काय दुपारी न्यायचं आणि कशाला हात लावायचा नाही

सोसायटीत पहिला मान पाण्याच्या पंपाचा. गच्चीवरची टाकी ही आपल्या सगळ्यांची बॅटरीच आहे, दुपारी भरून ठेवायची आणि रात्री-सकाळी वापरायची. पाच एचपीची मोटार तासाला साधारण साडेचार युनिटं घेते. दिवसाला दोन तास चालली तर नऊ युनिटं. ती सगळी नऊ ते पाचच्या आत बसवली तर ८० पैशांप्रमाणे रोज सात रुपये वीस पैसे, महिन्याला दोनशे सोळा. सामाईक मीटरला टीओडी सवलत लागू आहे का, ते त्याच मीटरच्या बिलावर पाहा.

पण पंपाची वेळ बदलण्याआधी पाण्याचा हिशेब करा, नाहीतर एका सकाळी पाणी संपेल आणि ठराव तिथेच मोडेल. संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत सोसायटीला किती पाणी लागतं ते वॉचमनदादांना विचारा. गच्चीची टाकी तेवढी पुरते का? पुरत असेल तर मुख्य भरणी साडेतीन ते पाच या वेळात करा, म्हणजे पाचला टाकी काठोकाठ असते. नगरपालिकेचं पाणी संध्याकाळी येत असलं तरी अडत नाही. ते खालच्या टाकीत रात्रभर राहतं आणि दुसऱ्या दिवशी वर जातं. टाकी पुरतच नसेल तर पहाटे थोडा वेळ पंप चालवावा लागेल, तो चालवा. पंप आपोआप चालू होणाऱ्या फ्लोटवर असेल तर मात्र लक्ष द्या. पाणी जरा खाली गेलं की तो कुठल्याही वेळी सुरू होतो. तिथे टायमर बसवून घ्यावा लागतो.

घरात वॉशिंग मशीन, घरघंटी, इस्त्री, व्हॅक्यूम क्लीनर आणि विजेची स्कूटर या वस्तू हलवण्याजोग्या. बऱ्याच घरांत मशीन सकाळी आठला लागतं. ते नऊला लावलं तरी काम होतं, कपडेही उन्हात वाळतात. दिवाळीच्या आधी भाजणी, चकलीचं पीठ, बेसन असं दळण प्रत्येक घरघंटीत होतं. ते दुपारी करायला कुणाचीच हरकत नसते. स्कूटर रात्री लावून झोपायची सवय असते. गाडी दुपारी घरीच असणाऱ्यांनी तेव्हा चार्ज करावी.

गिझर दुपारी नेण्याचा आग्रह मी धरत नाही. सकाळच्या आंघोळीचं पाणी सकाळीच तापणार. तिथे मिनिटं कमी करायची. पंधरा लिटरचा दोन किलोवॅटचा गिझर पाव तासात आंघोळीजोगं पाणी देतो आणि त्याला अर्ध्या युनिटाच्या आसपास लागतं. उठल्या उठल्या बटण दाबून तासाभराने आंघोळ करण्यात पाणी नुसतं निवतं आणि परत तापतं.

आणि काही घरांना काहीच मागायचं नाही. ऑक्सिजनचं यंत्र लावलेला रुग्ण, तान्हं बाळ, एकटे राहणारे आजी-आजोबा, रात्रपाळी करून दिवसा झोपणारा माणूस. यादीतून ही घरं बैठकीच्या आधीच गाळा, म्हणजे भर सभेत कुणाला कारण द्यावं लागणार नाही.

तुमची बैठक खेड्यात असेल तर सोसायटीचा पंप सोडा आणि शेतीपंपाच्या ऑटो स्विचपासून सुरुवात करा. लाइट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून शेतकरी तो बसवतात. होतं असं, की वीज येताक्षणी एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकदम उठतात, सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतात आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. मग ऐन पिकाच्या वेळी सगळ्यांचंच पाणी बंद. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी मिळून ऑटो स्विच काढले, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने मोटारी सुरू करायचं ठरवलं आणि प्रत्येक मोटारीला योग्य कपॅसिटर लावला, तर व्होल्टेज सुधारल्याचं त्यांना त्याच हंगामात दिसतं. ही बैठक बांधावर घ्या, डीपीजवळ.

विरोध होईल, तो ऐकून घ्या

स्मार्ट मीटरचं नाव काढलं की कुणीतरी चिडतं. बिल वाढलं, मीटर जोरात फिरतं, आम्हाला विचारलं नाही. तुम्ही कंपनीचे प्रवक्ते नाही, त्यामुळे बचाव करू नका. त्यांचं बिल मागा. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याची युनिटं आणि या महिन्याची युनिटं शेजारी-शेजारी लिहा, दर वेगळा लिहा. युनिटं तेवढीच असून रक्कम वाढली असेल तर वाढ दरातली आहे. युनिटंच वाढली असतील तर नवीन एसी, पाहुणे, उन्हाळा असं कारण सापडतं का ते पाहा. काहीच सापडलं नाही तर मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्यायला सांगा आणि पोच घ्यायला सांगा. तिथे समाधान झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्या वर विद्युत लोकपाल. दर ठरण्याआधी वीज नियामक आयोग जनसुनावणी घेतो आणि तिथे सामान्य ग्राहकाला सूचना-हरकती नोंदवता येतात, हेही सांगा. आपल्या बिलाचा हिशेब समजलेला माणूस तिथे फार चांगलं बोलतो. त्याने बोलावं असं मला मनापासून वाटतं.

नोटीस बोर्डावरचा कागद

आता दुसरा नियम. सामाईक मीटरचं रीडिंग वॉचमनदादांनी रोज दोनदा लिहायचं, सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला. एका वहीत, तारखेसमोर. दोन रीडिंगमधला फरक म्हणजे दुपारचा वापर. पाच ते दुसऱ्या दिवशी नऊ हा बाकीचा. आठवड्याने बेरीज करून दोन आकडे मोठ्या अक्षरात लिफ्टशेजारच्या बोर्डावर लावा. घरांचे आकडे कधीही लावू नका. कुणाचं घर किती वीज वापरतं हा त्या घराचा खाजगी प्रश्न आहे, आणि बोर्डावर नाव आलेलं माणूस पुन्हा तुमच्याशी बोलत नाही. ज्यांना स्मार्ट मीटर आहे त्यांना महावितरणच्या अ‍ॅपवर स्वतःचा वापर कसा पाहायचा ते एकेकाला बसून शिकवा. कॉलेजमधली मुलं हे काम आनंदाने करतात.

सोसायटीचे वाचलेले पैसे कुठे जाणार, हे पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या. आमच्याकडे जिन्यातले जुने ट्यूबलाइट बदलून एलईडी लावायला ते ठेवले आणि वॉचमनदादांना वही लिहिण्याचे महिन्याचे वेगळे पैसे द्यायचे ठरले. ते काम करतात, तेव्हा त्याचे पैसे त्यांना मिळाले पाहिजेत.

दुसरी बैठक महिन्याने, बिल आल्यावर घ्या. ती छोटी असते: वहीतले आकडे वाचायचे, कुठे पाणी कमी पडलं ते विचारायचं, वेळ अर्धा तास इकडे-तिकडे सरकवायची. तिसरी फेब्रुवारीत घ्या, उन्हाळा लागायच्या आत. त्या सुमाराला कुणाच्या ना कुणाच्या घरी नवा एसी किंवा फ्रिज घ्यायचं चाललेलं असतं, आणि लेबलवर वर्षाला किती युनिटं लागतील हा आकडा छापलेला असतो तो कसा वाचायचा, हे दुकानात जायच्या आधी सांगितलेलं उपयोगी पडतं.